कॉफी पुडिंग, सातवी खेप: दोरे गेले!

मंडळी, जमलं. सुरीने कापलं तर कड सरळ उभी राहिली, आत एक पांढरा धागा नाही की गाठ नाही. सकाळपासून तीनदा झाकण काढून बघितलंय.

ऑक्टोबरमध्ये हेच पुडिंग पहिल्या फटक्यात झालं होतं, ते आठवत असेलच. ४०० मिली दूध, १०० मिली फिल्टरचं घट्ट डिकॉक्शन, साखर, आणि २०० मिली पाण्यात उकळलेली ५ ग्रॅम चायना ग्रास पावडर (म्हणजे अगर-अगर, पुडिंग घट्ट करणारी). मग नाशिकची थंडी पडली आणि त्याच प्रमाणाने सलग पाच वेळा भांड्यात शेवया झाल्या.

आधी पावडरवर संशय घेतला. दुसरं पाकीट आणलं, तेच. पट्ट्यांचं चायना ग्रास भिजवून वापरलं, तेच. (पट्ट्या विरघळायला फार वेळ खातात, झटपट करायचं तर पावडरच बरी.) मग वाटलं, कॉफीचा आंबटपणा दूध फाडतोय. डिकॉक्शन निम्म्यावर आणलं. चव गेली, दोरे राहिले. दूध फाटलं असतं तर पाणी वेगळं होऊन भुरभुरीत दाणे दिसले असते. इथे तर बोटात धरला की कटकन तुटणारा धागा होता. म्हणजे चायना ग्रासच, पण ते असं का वागतंय ते काही केल्या कळेना.

शनिवारी सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. उकळत्या चायना ग्रासमध्ये मी दूध ओतताना बघून म्हणाल्या, "अगं, शिऱ्यात कधी गार पाणी घालतेस का? गुठळ्याच होणार."

थर्मामीटर घातला. डिकॉक्शन मिसळून ओट्यावर ठेवलेलं दूध १३ अंश! चायना ग्रास विरघळायला ८५ अंशांच्या वर जावं लागतं आणि ४०च्या खाली आलं की ते गोठायला लागतं. २०० मिली उकळतं पाणी आणि ५०० मिली १३ अंशांचं दूध एकत्र केलं की मिश्रण ३७च्या आसपास येतं. गार धार पडेल तिथे त्याच क्षणी दोरा. ऑक्टोबरात दूध २६ अंशांचं धरलं तर तेच मिश्रण ४६ला थांबतं, म्हणून तेव्हा निभावलं. पाच आठवडे मी पावडर बदलत बसले होते आणि बदललं होतं हवामान!

आता दूध, साखर आणि डिकॉक्शन एकत्र ६५ अंशांपर्यंत तापवते, मगच चायना ग्रासमध्ये ओतते आणि मंद गॅसवर मिनिटभर ढवळते. डिकॉक्शन उकळू देत नाही, कडवट होतं आणि वास उडतो. कॉफीची पूड मात्र ७०:३०चीच घ्या (७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी). चिकोरीने रंग गडद येतो आणि दुधात चव दबत नाही. पंधरा मिनिटांचं काम, आणि याच थंडीत ते फ्रीजशिवाय ओट्यावर पाऊण तासात घट्ट झालं. घाईने फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठून सुटलं की सगळं पाणी सोडतं.

एक दुखणं उरलंय: दुसऱ्या दिवशी कडेला चमचाभर पाणी जमतं. साखर वाढवली की कमी सुटतं, पण घरी इतकं गोड कोणाला नको.

पुढच्या खेपेला वरून द्राक्षं लावायची ठरवली होती. पण हे लिहितानाच सुचलं, दूध मुळात आत कशाला? जपानमध्ये काळ्या कॉफीची जेली करतात, तशी नुसत्या डिकॉक्शनची सेट करायची, चौकोनी तुकडे पाडायचे आणि वर आटवलेलं गार दूध ओतायचं. सुटलेलं पाणी त्या दुधातच जाईल! द्राक्षं राहू देत. फिल्टरमध्ये पूड भरून ठेवलीये, सकाळी ३ ग्रॅम चायना ग्रासने सुरुवात करते.