स्टँडपासून किती लांब?

परगावी राहायची सोय ठरवताना आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्टँडपासून किती लांब?" कोल्हापूर असो, तुळजापूर असो, नाहीतर कुणाच्या लग्नासाठी बेळगावात घेतलेलं लॉज असो. गरम पाणी, खिडकी, भाडं हे सगळं त्यानंतर. २०२४च्या नोव्हेंबरात आम्ही दोघींनी टोकियोला जायचं ठरवलं तेव्हाही तिनं हेच विचारलं. मी हसले. "अगं, तिथे कुठलं आलंय सीबीएस? एवढं मोठं शहर, मधोमध कुठेतरी राहू. म्हणजे सगळीकडे जायला बरं."

हा "मधोमध" मला चांगलाच महागात पडला.

टोकियोला मधोमध असं काही नाहीच. नकाशाच्या मध्यावर बोट ठेवलं तर खाली सम्राटांचा राजवाडा येतो, आणि तिथे आपल्याला कुणी खोली देत नाही. त्याच्या भोवतीनं यामानोते नावाची गोल फिरणारी रेल्वे आहे: ३४.५ किलोमीटर, ३० स्टेशनं, एक फेरी साधारण तासाभराची. शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरो, उएनो, शिनागावा ही सगळी या माळेत ओवलेली, आणि प्रत्येकाभोवती एक पुरं शहर वसलेलं. दादर, ठाणे आणि पनवेल गोल लोकलवर बसवून कुणी विचारावं, यातलं मधलं कोणतं, तसा प्रकार. पण हे तिथे गेल्यावर कळलं. इथे नाशिकला बसून मी इंटरनेटवर जे चारजण सांगतात ते ऐकलं आणि शिंजुकुला तीन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. "स्टेशनपासून ५ मिनिटं" असं हॉटेलच्या पानावर लिहिलं होतं. आईला ते वाचूनही दाखवलं.

नारिता विमानतळावरून शिंजुकुपर्यंत थेट गाडी मिळाली, तिथवर सगळं छान. मग आम्ही फलाटावरून जिना उतरलो आणि हरवलो. शिंजुकु हे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन; कोविडच्या आधी दिवसाला ३५ लाखांहून जास्त लोक इथून जात-येत. पाच वेगवेगळ्या रेल्वे इथे येतात, आणि बाहेर पडायला दोनशेच्या वर दारं आहेत. आमचं हॉटेल पश्चिमेला. आम्ही बाहेर पडलो पूर्वेला. परत आत, परत बाहेर. फोनवरचा निळा ठिपका जमिनीखाली गेला की वेड्यासारखा उड्या मारतो. दोन मोठ्या सुटकेसी, एक हँडबॅग, आणि आईचा उजवा गुडघा, ज्याचं ऑपरेशन ती चार वर्षं पुढे ढकलते आहे.

पाच मिनिटांचे पन्नास झाले. आई एका खांबाला टेकून सुटकेसवर बसली आणि गुडघा चोळत राहिली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खोली हा दुसरा धडा. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं. एकाचं बुकिंग करून दोघांनी जाऊन झोपणं हा आपल्याकडचा उद्योग तिथे चालत नाही. मी दोघींचंच केलं होतं, पण "सेमी डबल" या शब्दावरून नजर नुसती सरकली होती. सेमी डबल म्हणजे सव्वाशे सेंटिमीटरही रुंद नसलेला पलंग. अकरा चौरस मीटरच्या खोलीत एक सुटकेस उघडायची तर दुसरी बंद करून उभी करायची. न्हाणीघर म्हणजे प्लास्टिकचा एकसंध साचा, चांगला वीतभर उंच उंबरठा आणि आत टबाची कड ओलांडायची. आईनं दोन्ही हातांनी बेसिन धरून ती कड कशी ओलांडली ते मी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. या सगळ्याचे रात्रीला २२ हजार येन, म्हणजे बारा हजारांहून जास्त रुपये. (कमोडच्या गरम बैठकीवर आणि पाण्याच्या फवाऱ्यावर मात्र ती बेहद्द खूश. नाशिकला फोन करून सगळ्यात आधी तेच सांगितलं.)

संध्याकाळी माझा मामेभाऊ भेटायला आला. तो बारा वर्षं टोकियोत आहे. पन्नास मिनिटांची कथा ऐकून तो हसत सुटला. मग त्यानं सांगितलं की तिथे घरांच्या जाहिरातीत "चालत अमुक मिनिटं" लिहायचा नियमच ठरलेला आहे: एका मिनिटाला ८० मीटर. सिग्नलला थांबणं धरायचं नाही, चढ धरायचा नाही. हॉटेलंही तोच हिशेब लावत असावीत. आणि मोजायला सुरुवात होते ती स्टेशनच्या जवळच्या दारापासून. फलाटापासून त्या दारापर्यंतची पायपीट तुमची तुम्ही. म्हणजे पाच मिनिटं म्हणजे ४०० मीटर, तेही सडसडीत माणसाचे, रिकाम्या हातांनी.

"आत्या, तू स्टेशनचं नाव विचारू नकोस," तो आईला म्हणाला, "लिफ्ट कुठल्या दाराला आहे ते विचार."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तेच विचारत होते. स्टँडपासून किती लांब."

शिंजुकुची बदनामी करायची नाही मला. महानगर सरकारच्या इमारतीचं पंचेचाळिसाव्या मजल्यावरचं सज्जाघर फुकट आहे, तिथून हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो, आम्हाला दिसला. पंचविशीत असते, पाठीवर एकच सॅक असती, रात्री एकपर्यंत भटकायचं असतं, तर मी तिथेच राहिले असते. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास जातात आणि रात्री दहानंतर टॅक्सी वीस टक्के महाग होते, म्हणून रात्र जिथे घालवायची तिथे राहावं हे खरंच. पण आमची रात्र साडेआठला होते.

तीन रात्रींनंतर बाडबिस्तरा हलवायचा होताच. या वेळी मी नकाशा वेगळ्या डोळ्यांनी पाहिला. टोकियोतली भुयारी रेल्वे जितकी जुनी तितकी जमिनीलगत, हे मला तेव्हा लक्षात आलं. सगळ्यात जुनी गिंझा लाइन, १९२७ साली आसाकुसा ते उएनो एवढीच सुरू झाली, आशियातली पहिली. तेव्हा रस्ता वरून उकरून, रूळ घालून परत झाकून टाकला. त्यामुळे कित्येक ठिकाणी थोड्याशा पायऱ्या उतरल्या की फलाट. नंतरच्या लाइनींना आधीच्यांच्या खालून वाट काढावी लागली. ओएदो लाइनचं रोप्पोंगी स्टेशन जमिनीखाली ४२ मीटर आहे. एकेक सरकता जिना संपता संपत नाही, आणि तो ज्या दिवशी बंद असेल त्या दिवशी काय, हा विचार आईच्या मुलीला करावाच लागतो.

कुरामाए इथलं एक हॉटेल मी जवळजवळ घेतलंच होतं. मग कळलं की कुरामाए नावाची दोन स्टेशनं आहेत, दोन वेगळ्या लाइनींवर, आणि एकातून दुसऱ्यात जायला वर येऊन रस्त्यानं चालावं लागतं. सोडलं. शेवटी गिंझा लाइनवरच, आसाकुसा आणि तावारामाचीच्या मध्ये खोली घेतली. दोन वेगळे पलंग, सतरा चौरस मीटर, १४ हजार येन, आणि लिफ्टचं दार हॉटेलपासून एका सिग्नलवर. बुकिंगच्या आधी मी स्टेशनचा आराखडा उघडून लिफ्टची खूण शोधली होती. एवढा अभ्यास बारावीला केला असता तर.

सामान आम्ही नेलंच नाही. "ताक्क्युबिन" म्हणून घरपोच सामानाची सेवा आहे, १९७६ साली सुरू झालेली. जुन्या हॉटेलच्या काउंटरवर सुटकेसी दिल्या, एकेकीचे दोन हजार येनच्या आसपास पडले, दुसऱ्या दिवशी नव्या हॉटेलात हजर. आईला हे पटेना. "अनोळखी माणसाच्या हाती बॅगा दिल्यास?" तिनं एक रात्र दागिन्यांची पुरचुंडी उशाखाली ठेवून काढली. दागिने म्हणजे दोन बांगड्या.

आसाकुसा यामानोतेवर नाही, म्हणून बरेचजण नाक मुरडतात. शिबुयाला जायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो हेही खरं. पण आसाकुसा हे गिंझा लाइनचं एक टोक आणि शिबुया दुसरं. टोकावरून चढलं की बसायला जागा मिळते, कुठेही गाडी बदलायची नाही, आणि गंमत म्हणजे शिबुयाला ही भुयारी गाडी जमिनीच्या वर, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबते. गाव दरीत आहे, गाडी आपल्या पातळीवर आहे. आईला हे इतकं आवडलं की आम्ही एकदा उगीचच गेलो आणि आलो.

खरी मिळकत सकाळची. सेन्सोजीचं मोठं देऊळ हिवाळ्यात साडेसहाला उघडतं. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही शाली गुंडाळून सहा-वीसला निघायचो. दुकानांची शटरं बंद, त्यांवर रंगवलेली चित्रं तेवढी जागी, आणि कामावर जाता जाता थांबून हात जोडणारी इथलीच माणसं. देवता कानोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत मूर्ती सापडली, अशी कथा. आईला यात नवल वाटलं नाही. "नदीतच सापडतात," ती म्हणाली.

नवल पुढे होतं. तिथून नदीच्या अंगानं दहा-पंधरा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, एका टेकाडावर. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच. मूर्ती झाकलेली, दर्शन नाही. आणि नैवेद्य मुळ्याचा! पांढरेशुभ्र, हातभर लांब मुळे देवळातच विकत मिळतात, ते नेऊन देवापुढे ठेवायचे. टेकाड चढायला छोटी रुळांवरची पेटी आहे, तीही फुकट. आई तिच्यात बसून वर गेली, मुळा वाहिला, आणि अथर्वशीर्ष म्हणायला लागली. शेजारची म्हातारी जपानी बाई ते संपेपर्यंत हात जोडून थांबली. शिंजुकुला राहिलो असतो तर इथे आलोच नसतो. एवढ्या सकाळी तर नाहीच.

जेवणाचंही या बाजूला जमलं. जपानी रशात मासा कुठेही लपलेला असतो. पण उएनोच्या पुढचं ओकाचिमाची हा हिरे-रत्नांचा बाजार, तिथे आपले जैन व्यापारी पूर्वीपासून आहेत, त्यामुळे शुद्ध शाकाहारी हॉटेलंही आहेत. हॉटेल शोधताना मी हे पाहिलं नव्हतं. पाहायला हवं होतं.

शनिवारची रात्र उरली होती. त्याच खोलीचे शनिवारी २६ हजार येन! तिथे शनिवारी भाव असे चढतात. मामेभाऊ पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "हॉटेल कशाला, आमच्याकडे या." आम्ही निशी-कासाईला गेलो.

हे टोकियोतलं भारतीयांचं गाव. इथले सरकारी गाळे भाड्यानं घेताना जामीनदार लागत नाही, परत न मिळणारं नजराण्याचं भाडं द्यावं लागत नाही, आणि तोझाई लाइन थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपाशी नेते. म्हणून सॉफ्टवेअरवाले आपसूक इथे जमत गेले. इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. वाण्याकडे तूरडाळ, कोथिंबीर, सगळं. मग हॉटेलवाल्यांना पैसे का मोजले, असं कुणी विचारेल. त्याला कारण तोझाई लाइनची सकाळ. कोविडच्या आधी तिच्यावर गाडीच्या क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी मोजलेली. भाऊ म्हणतो, विरारकर इथे आला की त्याला माहेरी आल्यासारखं वाटतं.

वहिनीनं पिठलं-भात केला. आठ दिवसांनी पिठलं. आई दोनदा वाढून घेत जेवली. झोपायला आम्हाला तातामीची, म्हणजे गवती चटयांची खोली, त्यावर गाद्या घातलेल्या, पांढऱ्या अभ्र्यांच्या, स्वच्छ. आई "किती छान, अगदी आपल्यासारखं" म्हणत आडवी झाली.

सकाळी तिला उठताच येईना. जमिनीवरून उठायचं तर गुडघा वाकवायला हवा, आणि तो वाकेना. शेवटी एका बाजूनं भाऊ, एका बाजूनं मी, मागून वहिनी आधाराला, अशी तिची उचलबांगडी केली. उभी राहिली, पदर नीट केला, आणि भाच्याच्या घरात, वहिनीच्या देखत म्हणाली, "ते सिग्नलवरचं हॉटेल बरं होतं गं."

भाऊ हसून हसून खाली बसला. वहिनी चहा टाकायला आत गेली.