पहाटेच्या हिशेबाने

पुण्यात नोकरी करणारा भाचा हिवाळ्यात तंबू घेऊन कुठेतरी जाण्याच्या बेतात आहे. परवा दुपारी त्याने फोनवर विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : “मामा, डिसेंबर-जानेवारीत कुठं जावं?” परभणीत बसून याचे उत्तर द्यायचे म्हणजे सगळा भूगोल उघडावा लागतो. त्या दिवसांत कारगिलजवळच्या द्रासला पारा उणे वीसच्याही खाली उतरतो, आणि डिसेंबर पूर्ण सरेपर्यंत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाची टांगती तलवार असते. कच्छच्या रणातले पावसाळी पाणी आटून मिठाची पांढरी जमीन उघडी पडलेली असते, तर तारकर्लीला रात्री साधी चादरही पुरते. 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून हिवाळ्यातही हिमाचलातल्या लाहौलपर्यंत गाडी जाऊ शकते, त्यामुळे मोह आणखी वाढला आहे. एवढ्या सगळ्यासाठी एकच पिशवी भरता येत नाही, हे भाच्याला अजून पटलेले नाही.

या बाबतीत माझा एक जुना हट्ट आहे. तंबूचा बेत दिवसाच्या तापमानावर कधीही करू नये. पहाटे पारा किती असतो ते विचारावे, आणि तेही सूर्य उगवण्याच्या सुमाराचे, कारण रात्रभर निवत गेलेली जमीन त्याच वेळी सर्वांत गार असते. परभणीत डिसेंबरच्या दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांचे ऊन असते, म्हणून पाहुणे सुती सदऱ्यावर येतात, आणि पहाटे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा दहाच्या खाली गेलेला पाहून यजमानाची शाल मागतात. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, मग दिवसाची ऊब रात्री थांबणार कशी? जैसलमेरच्या वाळूतही हाच खेळ चालतो. शिवाय पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले, की उत्तरेचे वारे त्यांच्या मागोमाग खाली उतरतात, तेव्हा राजस्थानला निघणाऱ्याने काश्मीरच्या बर्फाची बातमी वाचून मगच स्वेटर मोजावेत.

हे शहाणपण माझे नव्हे, आजोबांचे आहे. शेतीची वीज तेव्हाही रात्रीचीच असायची, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायला ते रात्री दारे धरायला जात आणि सुटीत मलाही सोबत नेत. पायाखाली विहिरीचे पाणी कोमट लागे, पण पाऊल वाफ्याबाहेर पडले रे पडले की वाऱ्याने पोटऱ्या सुन्न होत. एक वाफा भरायला वेळ लागे, तेवढ्यात डुलकी काढायची असे. मात्र ओढ्याकाठच्या मऊ गवतावर झोपण्याची परवानगी कधीच मिळाली नाही. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उतारावरून खोलगट जागेत जाऊन साचते, हे पुस्तकात मला फार उशिरा भेटले. आजोबा नुसते चढावरच्या कडब्याच्या गंजीकडे बोट दाखवत. तिथेही आधी हातभर कडबा अंथरायचा, मग घोंगडी. “वरून किती बी पांघर, खालून मरशील,” असे ते म्हणत. बाजारातल्या महागड्या स्लीपिंग बॅगा पाहणाऱ्या भाच्याला मी आधी खाली घालायची जाड चटई घे म्हणून सांगितले, ते याच आधारावर. तंबूचे दार पूर्ण बंद करू नकोस, हेही सांगितले, कारण आपल्याच श्वासाची वाफ गार कापडावर धरते आणि पहाटे नेमकी नाकावर टपकते.

कुठे जावे, हे मात्र मला अजून सांगता आलेले नाही. मनातून मला त्याला लातूर किंवा धाराशिवकडे पाठवावेसे वाटते. तिथे वेळ अमावस्येला गाव रिकामे होते, शिवारात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहते आणि आंबील व भज्जीवर आल्यागेल्याला आग्रह होतो. पण संध्याकाळी सगळे घरी परततात, त्यामुळे भाचा त्याला कॅम्पिंग मानणार नाही.

हिवाळाभर मुक्काम असतो तो दुसऱ्या कोपींचा. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडाजवळच्या मोकळ्या रानात महिनोन्महिने राहतात. जागा त्यांनी निवडलेली नसते, त्यामुळे ती चढावर आहे की ओढ्याकाठी, हा प्रश्नच येत नाही. लेकरांना आतल्या बाजूला निजवून फटीत चादर कोंबतात, आणि गाडी भरायची असली की पहाटे तीनलाही उठतात.