जीटीओ विकताना

गाडी विकायची ठरली तेव्हा मला वाटलं होतं, धुऊन-पुसून चकचकीत केली की झालं काम. १९६८ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, कन्व्हर्टिबल, ४०० क्यूबिक इंचांचं व्ही-८ इंजिन, इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर चक्क बॉनेटवर. मिशिगनमधले सात हिवाळे मी गॅरेजमध्ये तिच्यापायी घालवले होते. पण पहिला फोन आला तो रंगाची चौकशी करायला नाही. "व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कशाने सुरू होतो?"

प्रश्न रास्त होता. पाँटिअ‍ॅकच्याच साध्या ल मान्स मॉडेलला जीटीओची चिन्हं लावून विकणारे भरपूर आहेत. सुरुवातीला २४२ असेल तरच जीटीओ. पुढचे ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, त्यानंतरचा ८ म्हणजे १९६८. त्याच वर्षापासून या नंबरचं छोटं रूप इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेलं असतं.

मधेच एक ईमेलवाला भेटला. गाडी न बघताच मागितल्यापेक्षा जास्त द्यायला तयार, कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, पाठवतो म्हणाला. असे चेक खात्यात जमा दिसतात आणि काही दिवसांनी खोटे निघतात. त्याला उत्तरच दिलं नाही.

शेवटी फोनवाला प्रत्यक्ष आला. ब्लॉकवरच्या नंबरासाठी इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरशेजारचा तेलकट थर मी चिंधीने पुसला, तो टॉर्च धरून वाकला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत गेला. जुळले. मग खिशातून लोहचुंबक काढून मागच्या चाकांकडे वळला. तो तिथे पोहोचायच्या आत मीच सांगितलं, डावीकडे खाली पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलीय, चुंबक चिकटणार नाही. त्यापायी दीड हजार डॉलर सोडावे लागले, पण नंतर त्याने बाकी कशावर घासाघीस केली नाही. पावत्यांची जाडजूड फाईल मात्र पान न पान चाळली. बायकोने केलेल्या एकूण बेरजेचा कागद तेवढा मी आधीच काढून ठेवला होता!

व्यवहार त्याच्याच बँकेत केला. चेक माझ्यासमोर छापला गेला, मग मी टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही केली. मिशिगनमध्ये नंबरप्लेट विकणाऱ्याकडेच राहते, म्हणून पार्किंगमध्ये उकिडवा बसलो. अख्खी गाडी सुटी करून जोडलेली, आणि प्लेटचा एक स्क्रू गंजून हटेना.

"हा ओरिजिनल दिसतोय," तो म्हणाला आणि डिकीतून पक्कड काढायला गेला.