ठकीच्या छातीतलं पाणी

कुत्रं जीभ बाहेर काढून धापतं, त्यात काळजीचं काही नसतं. मांजर धापत नाही. शांत बसलेलं मांजर तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, तर ते अगदी शेवटच्या ताकदीवर आलंय असं धरून चालायचं. ठकीला बुट्टीतून आणलं होतं. वरचा टॉवेल मी थोडा उचलला आणि लगेच परत टाकला. मान पुढे ताणलेली, कोपरं अंगापासून फाकलेली, तोंड उघडं, हिरड्या निळसर राखाडी. श्वास आत घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत ओढलं जात होतं.

"टेबलावर घेऊ का तिला?" नातीनं विचारलं.

"नको. कुणीच हात लावू नका."

बरोबर आजी-आजोबा होते. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ. आजी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, कालपासनं काय खाल्लं न्हाई हो तिनं. नुसती कोपऱ्यात बसून आहे. अकरा वर्षांची आहे, लेकरागत वाढवलीया."

ठकीला बुट्टीसकट पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवलं आणि ऑक्सिजनची नळी आत सोडली. लॅसिक्सचं, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं, इंजेक्शन मांडीत दिलं, सोबत शांत करणाऱ्या ब्युटॉरफेनॉलचा छोटा डोस. श्वास कोंडल्याच्या भीतीनं मांजर धडपडतं, धडपडीत आणखी श्वास कोंडतो. ती भीती आधी उतरवावी लागते. मग मी बाजूला बसून राहिले. लोकांना वाटतं डॉक्टर काहीच करत नाहीयेत. आजोबांनी दोनदा विचारलंही. पण धाप लागलेल्या मांजराच्या बाबतीत पहिला अर्धा तास हात आवरणं हाच मोठा उपचार असतो. एक्स-रेच्या टेबलावर उताणं दाबून धरलेलं मांजर तिथेच गेल्याचं मी पाहिलं आहे.

ठकीला आदल्या दिवशी दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे दम्याचं इंजेक्शन, म्हणजे स्टेरॉइड, आणि सलाईन दिलं होतं. मांजराला दमा होतो हे खरं. पण दम्याच्या मांजराला श्वास सोडताना जास्त त्रास होतो, आणि छातीला कान लावला तर बहुधा शिट्टी ऐकू येते. ठकीच्या छातीच्या खालच्या भागात काहीच ऐकू येत नव्हतं. हृदयाचे ठोकेसुद्धा लांबून आल्यासारखे. ही छातीत पाणी असल्याची खूण. त्यातून हृदय थकलेलं असेल तर सलाईननं ते पाणी वाढतं, स्टेरॉइडनंही वाढू शकतं. स्टेथोस्कोप एक मिनिट नीट लावला असता तर हे कळलं असतं, आणि याचा मला राग आहे. आपल्याकडचं शिक्षणही याला जबाबदार आहे. साडेपाच वर्षांच्या पदवीत गाई-म्हशींवर हात बसतो, तो बसलाच पाहिजे, आमचा कोल्हापूर जिल्हा दुधावर जगतो. पण मांजराला लहान कुत्रं समजून औषध द्यायची सवय तिथेच लागते, आणि पुढे कुणी ती मोडत नाही.

अर्ध्या तासानं ठकीनं तोंड मिटलं. मग तिला पोटावर बसल्या जागीच ठेवून छातीला सोनोग्राफीचा छोटा प्रोब लावला. फुप्फुसांच्या भोवती दोन्हीकडे काळं दिसणारं पाणी, आणि त्यात फुप्फुसांची टोकं तरंगताना दिसत होती.

पाणी काढणं हे माझं आवडतं काम आहे, असं म्हटलं तर वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण मांजराच्या दुखण्यात इतका लगेच गुण दुसऱ्या कशानं येत नाही. सातव्या-आठव्या फासळीच्या मधली जागा शोधायची, केस काढायचे, थोडं भुलीचं औषध टोचायचं. सुई नेहमी मागच्या फासळीच्या पुढच्या कडेला लागून घालायची, कारण प्रत्येक फासळीच्या मागच्या कडेनं रक्तवाहिनी आणि नस जाते. मी लहान मुलांना लावतात ती बटरफ्लाय सुई वापरते. तिला लांब लवचिक नळी असते, त्यामुळे मांजर हललं तरी सुई आत हिसकली जात नाही. पुढे थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची छोटी तोटी, आणि वीस मिलीची सिरिंज. माझी मदतनीस मान धरत नाही, फक्त ठकीच्या कपाळावर अंगठा फिरवत बसते. ही मुलगी बारावीनंतर माझ्याकडे आली. मांजर धरण्यात तिच्याइतका हलका हात मी पदवीवाल्यांतही पाहिलेला नाही.

पाणी फिकट पिवळं, किंचित लालसर आलं. पू नाही, दुधासारखं पांढरटही नाही. उजवीकडून नव्वद मिली, डावीकडून सत्तर. साडेतीन किलोच्या जिवाच्या छातीत एवढं पाणी म्हणजे श्वासाला जागा कुठून उरणार? दुसरी बाजू रिकामी होता होता ठकीनं खाली मान घालून स्वतःचा पंजा चाटला. आजी रडायला लागल्या.

इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. म्हाताऱ्या मांजराच्या छातीत असं पाणी झालं की हृदयाचा संशय आधी येतो, आणि मांजराच्या हृदयाचा सगळ्यांत जास्त आढळणारा आजार म्हणजे स्नायू जाड होण्याचा. भिंती जाडजूड, आतली पोकळी लहान. मी प्रोब हृदयावर नेला तो हेच दिसेल म्हणून. दिसलं ते नेमकं उलटं. भिंती पातळ, डावी बाजू फुगलेली, आणि आकुंचन इतकं अशक्त की पाणी भरलेली पिशवी नुसती हलावी तसं ते हृदय हलत होतं.

असं हृदय मी मांजरात फार कमी पाहिलं आहे. आता जगभरातच ते कमी दिसतं, आणि त्यामागे कारण आहे. १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मांजराच्या आहारात टॉरिन नावाचा पोषक घटक कमी पडला की हृदय असं फुगतं आणि टॉरिन दिलं की बऱ्याच मांजरांत ते सुधारतं. त्यानंतर मांजराच्या तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं आणि आजार मागे पडला. माणूस किंवा कुत्रा टॉरिन शरीरात तयार करू शकतो. मांजराला ते पुरेसं जमत नाही, शिवाय पित्तातून ते सतत खर्च होत राहतं. म्हणून ते खाण्यातून रोज आलं पाहिजे. मांस, मासे, कोंबडीचं दिल, उंदीर यांत ते भरपूर असतं. धान्यात आणि भाजीत जवळपास नसतंच, आणि गाई-म्हशीच्या दुधात अगदी नावाला.

"खाते काय ही?" मी विचारलं.

आजोबा अभिमानानं सांगायला लागले. सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध, ते स्वतः जाऊन आणतात. दुपारी दूधभात, वर तूप. संध्याकाळी चपाती कुस्करून दह्यात. कधी पनीर, कधी पेढा. घर माळकरी, आषाढीला नंदवाळची दिंडी चुकत नाही, अंडंसुद्धा घरात येत नाही.

मग अकरा वर्षं हे मांजर जगलं कसं? हा प्रश्न मला घरी जाऊनही सुटेना. उत्तर दुसऱ्या दिवशी नातीनं दिलं, तेही सहज बोलता बोलता. ही मंडळी आधी दुधाळीत राहायची. जुनं कौलारू घर, मागे परसू, अडगळीची खोली. २०२१ च्या महापुरात घरात पाणी शिरलं, भिंती खचल्या, आणि ते कळंब्याकडे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये गेले. गॅलरीला जाळी. ठकी तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही.

म्हणजे दुधाळीत आजी तिला दूधभात घालत होत्या आणि ठकी रात्री परसात उंदीर मारून आपलं आपण भागवत होती. फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. दूधभात तेवढा उरला.

टॉरिनची रक्ततपासणी इथे कुठे होत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईला नेऊन हृदयाची नीट इको करा असं सांगणं सोपं होतं, पण आदल्या दिवशी छातीतून पाणी काढलेलं मांजर महामार्गावर तासन्‌तास हिंदकळत न्यायला मी तयार नव्हते. तेव्हा मला डोळे आठवले. टॉरिनच्या अभावानं मांजराच्या डोळ्याचा पडदाही खराब होतो, हे तर १९७५ पासून माहीत आहे. ठकीच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, खोलीत अंधार केला, कपाळावर दिवा लावला आणि भिंग धरलं. मांजराचा पडदा दिव्यात हिरवट-पिवळा चमकतो. त्यात नस आत येते त्या जागेच्या जरा वर, बाहेरच्या अंगाला, एक आडवा लंबगोल पट्टा बाकीच्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त झळकत होता, म्हणजे तिथला पडदा झिजलेला. दुसऱ्या डोळ्यातही तसाच, त्याच जागी.

मी नातीला विचारलं, हिला दिसायला काही त्रास जाणवतो का? ती म्हणाली, "उडती माशी पकडत्या, पण पेढा पुढ्यात ठेवला तर वास घेत हुडकत्या. आम्हाला वाटलं वय झालं."

माझ्यापुरतं निदान तिथे पक्कं झालं. थायरॉइड आणि किडनीचे रिपोर्ट ठीक आले. लॅसिक्स, हृदयाचं आकुंचन वाढवणारं पिमोबेंडन, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेलच्या गोळीचा पाव तुकडा सुरू केला. ही गोळी इतकी कडू की मांजराच्या तोंडाला फेस येतो, म्हणून रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून द्यायला शिकवलं. आणि टॉरिन, अडीचशे मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. हे औषधाच्या दुकानात मागितलं तर लोक तोंडाकडे बघतात. जिमवाल्यांच्या सप्लिमेंटच्या दुकानात त्याची शुद्ध पावडर मिळते, आणि ती कारखान्यात तयार होते, प्राण्यापासून नाही. आजोबांसाठी हे महत्त्वाचं होतं.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते. सगळं समजावून झाल्यावर आजींनी विचारलं, "म्हंजे आमच्याच हातानं झालं का हे?"

मी हो म्हणाले. "हो आजी, खाण्यामुळे झालं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तुम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं."

आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर हे ऐकून मला म्हणाले, कशाला सांगितलंस म्हातारीला, वयानं झालं म्हणायचं आणि पावडर द्यायची. त्यांचा मी मान ठेवते, पण मला हे पटत नाही. वयानं झालं म्हटलं असतं, तर ठकी महिन्याभरात बरी दिसायला लागली की पावडर बंद आणि दूधभात चालू. औषध असं मध्येच सुटलेलं मी शंभरदा पाहिलं आहे. आपल्याकडे औषध गुण येईपर्यंतच घेतात. कारण कळलं असेल तरच माणूस ते पुढे चालू ठेवतो. तरीही आजींचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि ठकीकडे न बघता भिंतीकडे बघत राहिल्या. तेच सत्य मला आणखी कुठल्या शब्दांत सांगता आलं असतं, ते मी अजून शोधते आहे.

आजोबा मात्र फार वेळ गप्प बसले नाहीत. "पावडर चालू करू. पण ती काय खाणार ते सांगा." मांजराचं तयार खाद्य द्या, मी म्हणाले, त्यात मासे-कोंबडी असते. मासे उकडून दिले तर उकडलेलं पाणीही द्यायचं, टॉरिन पाण्यात उतरतं. माशाला त्यांनी सरळ नाही म्हटलं. तयार खाद्याला हो म्हटलं, पण गॅलरीत, वेगळ्या वाटीत, आणि ती वाटी स्वयंपाकघरात यायची नाही. मला त्यात काही गैर वाटलं नाही. त्यांचं व्रत त्यांच्याजवळ राहिलं आणि मांजराला हवं ते मिळालं.

घरी एक काम मी त्यांच्यावर सोपवलं होतं. ठकी गाढ झोपली की मिनिटाला श्वास मोजायचे. तीसच्या आत ठीक, चाळीसच्या वर गेले तर मला फोन, मध्यरात्र असली तरी. छाती वर गेली आणि खाली आली की एक. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवतात आणि जपाच्या माळेचा एकेक मणी पुढे सरकवतात. नातीनं त्याचा व्हिडिओ पाठवला होता. रोजचा आकडा कॅलेंडरवर तारखेच्या खाली पेन्सिलीनं लिहिलेला. एका रात्री आकडा अडतीस झाला आणि मणी पुन्हा सरकवून पाहिला तरी तोच, तेव्हा त्यांनी चाळीसची वाट न बघता मला उठवलं. लॅसिक्स थोडं वाढवून ते निभावलं. माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या मंडळींपैकी किती जण एवढ्या नेमानं मोजतात, हा विचार तेव्हा आल्यावाचून राहिला नाही.

पहिले काही आठवडे मला खात्री नव्हती. या आजारात पहिल्याच आठवड्यांत बरीच मांजरं हातची जातात, टॉरिन सुरू केलं तरी. पण छातीत पुन्हा पाणी साठलं नाही. ठकी खायला लागली, सोफ्यावर चढायला लागली. तीन-चार महिन्यांनी प्रोब लावला तेव्हा हृदय ओळखू येईना. अजून नेहमीपेक्षा मोठं, पण चांगलं जोरात आकुंचन पावणारं. डोळ्यातला पट्टा मात्र आहे तसाच. तो भरून येत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. पेढा आता बंद, त्यामुळे हुडकायचा प्रश्न नाही, पण गॅलरीतली वाटी रोज एकाच जागी ठेवायला सांगितली आहे.

लॅसिक्स आता अगदी कमी केलंय. आजोबांना ते आषाढीच्या आत बंद करायचं आहे, दिंडीला गेल्यावर घरी गोळी कोण देणार म्हणून. टॉरिन कायमचं, त्याबद्दल वाद नाही. लॅसिक्सचं मी पुढची सोनोग्राफी झाल्यावर ठरवणार आहे. आकुंचन असंच राहिलं तर बंद करीन आणि पहिले पंधरा दिवस रोजचा आकडा मागवीन. तेवढे दिवस मणी सरकवायचं काम नात करणार आहे.