चार एसएसडी आणि एक डबा

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग मी पाचपाखाडीच्या घरूनच करतो. टेबलावर चार एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फूटेज साठवायच्या वेगवान स्टिक, चौघींची वेगळी केस, वेगळी केबल, आणि मॅक मिनीला मागे टाइप-सी पोर्ट दोनच. एकदा चालू कॉपीत कोपर लागून भलतीच केबल निघाली. त्या रात्री ठरवलं, चारही स्टिक एका डब्यात घालायच्या, म्हणजे चौघींना मिळून मॅकला एकच केबल.

आधी नजर थंडरबोल्ट जोडणीच्या डब्यावर होती, सेकंदाला 40 गिगाबिटवाल्या. किंमत बघून मात्र मी कागद-पेन घेतलं. माझे तीन कॅमेरे, प्रत्येकाचं फूटेज सेकंदाला 100 मेगाबिटचं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तिन्ही एकदम टाइमलाइनवर टाकले तरी चाळीसच्या आत. साधा 10 गिगाबिटचा यूएसबी डबा चारही स्टिकना मिळून सेकंदाला हजार मेगाबाइटच्या आसपास देतो. उरलेला वेग मी काय लोणच्याला घालू?

म्हणून चार स्लॉटचा, बिनपंख्याचा ॲल्युमिनियमचा डबा ऑनलाइन मागवला. दिसायला देखणा, आवाज शून्य. मे महिना, भर दुपार, खोलीत एसी नाही. सहाशे जीबीची कॉपी लावली. सुरुवातीला आठशे-नऊशे, मग घसरत घसरत दीडशे. आधी वाटलं, एसएसडीची कॅश, म्हणजे तिच्यातली तात्पुरती वेगवान जागा, भरली असेल. मोठ्या कॉपीत तसंही होतं. डब्याला हात लावला तर चहाचं पातेलं! कॉपी तशीच चालू ठेवून बाजूला टेबलफॅन लावला. पाचेक मिनिटांत आकडा परत सातशेच्या वर. म्हणजे कॅश नव्हे, उष्णता. स्टिक तापली की स्वतःला वाचवायला आपणच हळू होते. परत पाठवायची मुदत होती, पाठवला.

दुसरा घ्यायला मात्र दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड गाठला. मला पंखा ऐकायचा होता, आणि तो काही फोटोत ऐकू येत नाही. दुकानदाराने दोन डबे चालू करून दाखवले. एक मिक्सरचा धाकटा भाऊ. दुसऱ्याचा पंखा मोठा आणि संथ, शिवाय स्टिकची उष्णता ओढून घ्यायला वर थर्मल पॅड आणि जाड हीटसिंक. तो घेतला.

"दादा, चारही रेड झीरोत टाका, रॉकेट होईल," दुकानदार म्हणाला. रेड झीरो म्हणजे चारही मिळून एकच ड्राइव्ह. रॉकेट होईल खरं, पण त्यात प्रत्येक फाइलचे तुकडे चारही स्टिकवर पसरतात. एक गेली की सगळं गेलं. लग्न काही परत लावता येत नाही. मी चारही वेगळ्याच ठेवल्यात, आणि मूळ फूटेजची दुसरी प्रत ऐरोलीला बहिणीकडे हार्ड डिस्कवर असते.

घरी येऊन जोडला, तर वेग चाळीस! पोटात गोळा. सिस्टिम रिपोर्ट उघडला तर जोडणी 480 मेगाबिटची, म्हणजे यूएसबी 2. दहा मिनिटांनी लक्षात आलं, डब्याची केबल खोक्यातच होती आणि मी ड्रॉवरमधली मोबाइल चार्जिंगची लावली होती. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. खोक्यातली लावल्यावर साडेनऊशे.

आता त्या केबलला मी लाल दोरा बांधलाय, कोणी मोबाइलला लावायला पळवू नये म्हणून. आई विचारते, तिलाही नजर लागते का रे?