तुम्ही विचारलंत म्हणून: 'कट' म्हटल्यानंतरचा नट

अभिनयाच्या कार्यशाळा घेतो म्हटल्यावर पूर्वी लोक एकच विचारायचे, डोळ्यांत पाणी कसं आणायचं. चरित्रपटांचं पीक आल्यापासून प्रश्न बदललाय. कुणाची ना कुणाची एखाद्या जुन्या नटाच्या किंवा नटीच्या भूमिकेसाठी ऑडिशन असते आणि आदल्या रात्री फोन येतो, "सर, नक्कल करायची की नाही?" विचारणाऱ्याला उत्तरही ठाऊक असतं. 'नक्कल नको, आत्मा पकड' असं काहीतरी मी म्हणावं एवढीच अपेक्षा. मी म्हणत नाही. नक्कल करावी लागते आणि चोख करावी लागते. ती थांबवायची कुठे, हा खरा घोळ आहे.

शंभर वर्षांपूर्वीच्या पुढाऱ्याची भूमिका करताना त्याची चाल चुकली म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. चाल पाहिलीय कुणी? नटाचं तसं नसतं. त्याची मान किती कलते, तो कुठल्या शब्दावर थांबतो, हे लोकांना तोंडपाठ असतं. भगवानदादांचं घ्या. १९५१च्या 'अलबेला'तला त्यांचा तो नाच महाराष्ट्रात कुणाला येत नाही? वरातीत येतो, विसर्जनाच्या मिरवणुकीत येतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांनाही येतो. म्हणूनच ती भूमिका महाकठीण. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाकडे स्वतःची एक आवृत्ती तयार असते आणि तो पडद्यावरच्या नटाला तिच्याशी ताडून बघत असतो. त्यातून आपण जी करतो ती बहुतेक वेळा नकलेचीच नक्कल असते. देव आनंदचे सिनेमे न पाहिलेली मुलं देव आनंदसारखी मान हलवून दाखवतात, ती कुठल्या तरी मिमिक्रीवाल्याकडून उचललेली.

'एक अलबेला' २०१६ मध्ये आला तेव्हा मंगेश देसाईंचा चेहरा भगवानदादांशी किती जुळतो याचीच चर्चा जास्त झाली. मला त्यांच्या पायांकडे बघावंसं वाटलं. भगवानदादा म्हणजे भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा नाद असलेला, स्टंटपट करून वर आलेला. त्या नाचात उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. वजन खाली, गुडघे किंचित सैल, आणि हात स्वतःच्याच मस्तीत. माझ्या मते तो पैलवानाचा नाच आहे. पैलवान जमीन सोडत नाही. एकदा हे लक्षात आलं की हातवारे पाठ करण्याआधी उभं राहणं शिकावं लागतं. त्याच सिनेमात विद्या बालन 'अलबेला'ची नायिका गीता बाली झाल्या होत्या. चेहऱ्याचा फारसा संबंध नाही, पण तो खट्याळपणा त्यांनी नेमका उचलला आणि मला तेवढा पुरला.

लकब कुठून आली ते शोधा, असं मी मुलांना सांगतो. पुष्कळदा ती माणसातून आलेलीच नसते, यंत्रातून आलेली असते. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी (फ्रेम) या वेगाने. बोलपट आले तेव्हा वेग चोवीसवर पक्का झाला आणि पुढे जुने मूकपट सर्रास त्याच वेगाने दाखवले गेले. माणसं तुरुतुरु चालताना दिसतात ती त्यामुळे. मूकपटाचा नट उभा करताना ते तुरुतुरु चालणं जसंच्या तसं उचललं, तर तुम्ही प्रोजेक्टरची नक्कल करता. चॅप्लिनसारखा माणूस तर वेगाशी मुद्दाम खेळायचा, तिथे आणखी डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. मूकपटांतले ते काळेभोर ओठही तसेच. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा यायचा.

आपल्याकडे १९३१ला पहिला बोलपट 'आलम आरा' आला, १९३२ला पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा', आणि पार्श्वगायन सुरू व्हायला १९३५ उजाडलं. मधल्या काळात नटाने सेटवर स्वतः गायचं, वाजवणारे झाडाआड किंवा पडद्यामागे, आणि माइक कुठेतरी लपवलेला. त्या माइकपासून लांब गेलं की आवाज गेला. त्या काळातला गाणारा नट एका जागी खिळून उभा दिसतो तेव्हा आपण हसतो, 'काय तो अभिनय' म्हणतो. अहो, हलला असता तर गाणंच गेलं असतं! हे माहीत असलेला नट तसा उभा राहतो तेव्हा त्या स्थिरपणात ताण दिसतो. माहीत नसलेला नुसता ठोकळा दिसतो.

तर इथपर्यंत नक्कल. आता पेच. आपल्याकडे त्या नटाचं जे काही चित्रण शिल्लक आहे, ते जवळपास सगळं तो काम करत असतानाचं. मुलाखत दिली असेल तर तीही कॅमेऱ्यासमोर, म्हणजे पुन्हा कामच. घरी चपला काढताना तो कसा होता, हे कुठल्याच रीळावर नाही. आणि चरित्रपटाचे दोन तृतीयांश प्रसंग घरातले, मेकअपच्या खोलीतले, सावकारासमोरचे असतात! नवशिका नट तिथेही पडद्यावरचीच लकब वापरतो. बायकोशी भांडताना तो गाण्यातला हात वर करतो. माझ्या मते बहुतेक चरित्रपट तिथे झोपतात.

हे कोणी नीट हाताळलं म्हणाल तर मी पहिल्यांदा 'महानटी'चं नाव घेतो. तेलुगू अभिनेत्री सावित्री यांच्यावरचा हा २०१८चा चित्रपट. त्यात कीर्ती सुरेशने 'मायाबझार'मधलं ते लग्नाचं गाणं पुन्हा उभं केलंय. मूळ १९५७च्या सिनेमात घटोत्कच मायेने शशिरेखेचं रूप घेतो, म्हणजे सावित्री तिथे मुलीचं सोंग घेतलेला राक्षस साकारत होत्या. लाजता लाजता मध्येच राक्षस डोकावतो आणि पुन्हा लाज सावरली जाते. आता कीर्तीचा हिशोब मांडा: ती सावित्री, सावित्री घटोत्कच, घटोत्कच शशिरेखा. तिथे नक्कल तंतोतंत हवी, कारण ते सावित्रीचं काम आहे, त्याला हात लावायचा अधिकार कुणाला नाही. पण शूटिंग सोडून बाकीच्या प्रसंगांत कीर्ती ते सगळं खाली ठेवते. बालिश, हट्टी, भाबडी अशी एक बाई तिने स्वतः घडवलीय. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या दोन्हींच्या सांध्याला मिळाला असं मी समजतो.

दुसरा रस्ता श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'चा, १९७७. आधार जुन्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनाचा, पण नायिकेचं नाव उषा. नाव बदलल्याबरोबर हंसाबाईंच्या हसण्याबोलण्याचा हिशोब कुणी मागेनासं झालं आणि विशीतल्या स्मिता पाटीलना मोकळं रान मिळालं. तरी काळाची नक्कल त्यांनी सोडलेली नाही. सिनेमातल्या सिनेमांत त्या त्या-त्या दशकाच्या पद्धतीने अभिनय करतात, आणि नवऱ्यासमोर, अमोल पालेकरांच्या केशवसमोर उभ्या राहिल्या की आवाजातली सगळी साखर गायब. कार्यशाळेत मी हा सिनेमा दाखवतो आणि आवाज बंद करून पुन्हा दाखवतो. नुसत्या खांद्यांवरून कळतं, आत्ता उषा कामावर आहे की नाही.

अर्थात उलटंही घडतं. काही नटांची लकब घरातूनच आलेली असते. 'द एव्हिएटर'मध्ये केट ब्लँचेट हॉलिवूडची जुनी अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न होते आणि पडद्याबाहेरही तशीच भराभर, टोकदार बोलते. सुरुवातीला ते जरा जास्तच वाटतं. मग तिच्या माहेरी जेवणाचा प्रसंग येतो आणि टेबलाभोवतीचं अख्खं घरच एकमेकांचं बोलणं तोडत बोलताना दिसतं. तिथे उलगडा होतो. ब्लँचेटला त्या कामासाठी ऑस्कर मिळालं.

म्हणून मी सगळ्यांना एकच तालीम देतो. त्या नटाचा गाजलेला तुकडा करा, अगदी घोटून. मी 'कट' म्हणेन. त्यानंतर थांबायचं नाही. टोप काढा, पाणी मागा, निर्मात्याकडे राहिलेल्या पैशांची आठवण करा, रिक्षा आली का विचारा. मघाचं काय काय अंगावर उरतं, ते बघू. कुणाची ऐट पाणी पिईपर्यंत टिकते, कुणाची 'कट' ऐकताक्षणी गळते. कुणाची पैशांचा विषय निघाला की परत येते, आणि त्यात मला सगळ्यात जास्त गंमत वाटते. तुमचा नट यातला कुठला, हे चित्रफितीत सापडणार नाही. ते तुम्हाला ठरवावं लागेल आणि मग सिनेमाभर निभवावं लागेल.

याला जोडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "घरच्यांना भेटू का?" भेटा की. पण रक्ताचं नातं म्हणजे भूमिकेची चावी असं समजू नका. २०१९ला तेलुगू नट नंदमुरी बालकृष्ण स्वतःच्या वडिलांच्या, तेलुगू सिनेमाचे मोठे नट एन. टी. रामारावांच्या भूमिकेत दोन चित्रपटांत उभे राहिले. याहून जवळचा माणूस कुठून आणणार? दोन्ही चित्रपट तिकीटबारीवर पडले. उलट 'चॅप्लिन'मध्ये (१९९२) चार्लीची मुलगी जेराल्डिनने आपल्याच आजीची भूमिका केलीय आणि ती अंगावर येते.

घरच्यांकडे गेलात तर 'स्वभाव कसा होता' हे विचारू नका. देवमाणूस होते, असंच ऐकायला मिळेल. आपलाच सिनेमा कुठे लागलेला असला तर बघायचे की उठून जायचे, ते विचारा. काम नसलेल्या दिवशी दाढी करायचे का, ते विचारा. फोन वाजला की कोण उचलायचं, हेही.