चिठ्ठीवर आकडा लिहून घ्या

गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रक्ताच्या रिपोर्टवर नुसतं ‘रिॲक्टिव्ह’ एवढंच आलं तर कागद घेऊन खिडकीवरून हलू नका. ‘टायटर किती?’ म्हणून विचारा. टायटर म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी आजाराची खूण दिसते तो आकडा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं डोक्यात राहील. माझं डोकं या एका आकड्यापायी उठलं होतं.

मी बुधवार पेठेत धंदा करते. आमच्या गल्लीत संस्थेच्या ताया येतात, कंडोम देऊन जातात. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी असते आणि सहा महिन्यांनी एचआयव्हीचं आणि गरमीचं रक्त. मला काहीही होत नव्हतं. जखम नाही, पुरळ नाही, ताप नाही. तरी बोटातलं रक्त घेऊन केलेल्या तपासणीत एचआयव्ही निगेटिव्ह आणि गरमी पॉझिटिव्ह आली. मग सरकारी दवाखान्यात शिरेतून रक्त घेतलं. रिपोर्ट आला: रिॲक्टिव्ह, 1:32.

गरमीची पहिली जखम दुखत नाही आणि औषध न घेताच भरून येते. बाईला ती आतल्या बाजूला झाली तर कळणार कशी? कधी लागण झाली ते सांगता येईना म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लिहून दिली, पेनिसिलिनची, 24 लाख युनिटची. अर्धं कमरेच्या एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. पहिल्या रात्री ताप भरला, अंग मोडून आलं. तसं होतं कधीकधी, एका दिवसात उतरतं, घाबरून पुढचं इंजेक्शन चुकवायचं नाही. बाकी काही अडलं नाही. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर तर इतक्या चांगल्या होत्या की त्यांच्याबद्दल लिहायला काही नाही.

खरी कटकट त्यानंतर.

औषध लागू पडलं का बघायला तीन महिन्यांनी परत रक्त द्यायचं होतं. रक्त घेणार सकाळी अकराच्या आत. आम्ही झोपतोच पहाटे. डोळे चोळत रांगेत उभी राहिले. खिडकीतला पोरगा केसपेपर बघून म्हणाला, ‘काय होतंय?’ हळू बोलायची त्याला सवयच नव्हती. मी काही न बोलता जुनी चिठ्ठी पुढे सरकवली. तर त्याने तीच मोठ्याने वाचली. एचआयव्हीच्या तपासणीला काउन्सेलर मॅडम खोलीत घेऊन जातात, दार लावतात, समजावून सांगतात, ‘करायची का?’ विचारून मगच रक्त घेतात. 2017 चा कायदाच आहे तसा, माणसाच्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि बाहेर वाच्यता नाही. गरमीच्या रक्ताला मात्र खिडकी, आणि मागे अख्खी रांग कान देऊन उभी.

रिपोर्ट आला. त्यावर जांभळा शिक्का, ‘रिॲक्टिव्ह’. आकडा नाही.

‘दादा, यावर आकडा नाही.’

‘ताई, रिॲक्टिव्ह म्हणजे आजार आहे. डॉक्टरांना दाखवा.’

‘आजार होता ते मलाही माहीत आहे. कमी झाला का, ते बघायला आलेय.’

‘मशीन तेवढंच सांगतं.’

कसलं मशीन! ही तपासणी हाताने करतात, ते मला नंतर कळलं. ओपीडीत त्या दिवशी नवीन डॉक्टर होते. त्यांनी शिक्का बघितला आणि सरळ तीन इंजेक्शनं लिहायला घेतली. मी म्हटलं, ‘सर, आधी 32 होता, आता किती आहे ते तरी बघा.’ ते म्हणाले, ‘रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही.’ अहो, तेच तर मी सांगतेय. परत खिडकीवर गेले. आता पोरगा म्हणतो, ‘डॉक्टरांनी चिठ्ठीवर टायटर मागितलेलं नाही, लिहून आणा.’ वर ओपीडीत गेले तर ओपीडी संपलेली. पुढच्या खेपेला डॉक्टर रजेवर. लिहून आणलं तर रक्त घ्यायची वेळ टळलेली. डॉक्टर म्हणतात लॅबने द्यायला हवं, लॅब म्हणते डॉक्टरांनी मागायला हवं, आणि मधे मी, झोपमोड करून, जिना चढत-उतरत. इकडे गल्लीत कुणीतरी बोलून मोकळी झाली होती की हिची गरमी अजून गेलेली नाही. आमची घरवाली, म्हणजे कोठ्याची मालकीण, तोंडाने काही बोलली नाही, पण माझा पेला वेगळा ठेवायला लागली. पेल्याने गरमी होत नाही, पण कोण समजावणार!

वैतागून खाजगी लॅबमध्ये पैसे भरून आले. त्यांनी पट्टीची टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह दिली. देणारच! पट्टीची टेस्ट, तशीच लॅबमधली टीपीएचए नावाची टेस्ट, ही एकदा गरमी होऊन गेली की बहुतेक बायकांत जन्मभर पॉझिटिव्हच येते, पूर्ण बरी झाली तरी. ज्यांनी एकदा औषध घेतलंय त्यांनी त्यावर रुपया घालवू नये.

शेवटी लॅबमधल्या एका वयस्कर बाई भेटल्या. त्या चहा प्यायला बाहेर आल्या होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, ‘आत ये.’ पांढरं गुळगुळीत कार्ड होतं, त्यावर गोल आखलेले. रक्तातलं वरचं पिवळसर पाणी घेऊन त्या दर गोलात आधीच्यापेक्षा दुप्पट पातळ करत गेल्या, मग त्यात कोळशाच्या बारीक कणांचं औषध टाकून कार्ड फिरवायला ठेवलं. थोड्या वेळाने बघितलं तर पहिल्या गोलांत दूध फाटावं तसे काळे कण गोळा झालेले, आणि पुढे एका गोलापासून नुसता सारखा करडा रंग. जिथवर गोळे दिसतात तो शेवटचा आकडा. माझा 1:8 आला. त्यांनी कागदावर लिहिला, खाली सही केली. ‘मागितल्याशिवाय एवढं कोणी करत नाही गं, कामं पडलेली असतात,’ म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

बत्तीसवरून आठ म्हणजे दोन पायऱ्या खाली, चौपट कमी. औषध लागू पडलं. एकाच पायरीचा फरक मोजायचा नसतो, तेवढं इकडेतिकडे होतंच. उतरलेला आकडा पुन्हा दोन पायऱ्या वर चढला तर मात्र परत लागण झाली असेल म्हणून डॉक्टर गाठायचा. गरमी एकदा झाली की पुन्हा होत नाही असं काही नाही. आणि काही जणींचा आकडा बरं झाल्यावरही दोन-चारवर अडून राहतो, त्याला घाबरायचं नाही. अजून एक, दर वेळी तीच लॅब धरा. डॉक्टर चिठ्ठीवर व्हीडीआरएल लिहितात, लॅब करते आरपीआर. या दोन तपासण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. जुने कागद सगळे एका पिशवीत ठेवा, मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. नवीन डॉक्टरसमोर जुना आकडा असेल तरच नव्या आकड्याला अर्थ.

आता मुळात झालं कशाने? गिऱ्हाइकाबरोबर मी कंडोमशिवाय बसत नाही, जास्तीचे पैसे दाखवले तरी नाही. पण घरच्या माणसाबरोबर कोण वापरतं? गल्लीत विचारा, सगळ्यांचं हेच. माझा माणूस मंडईत हमाली करतो. ‘मला काही झालेलं नाही,’ हेच पालुपद. मी म्हटलं, मलाही काही झालेलं नव्हतं. दोघांनी औषध घेतलं नाही तर आलटून पालटून एकमेकांना देत बसायचं. बरेच दिवस तो अडून बसला, मग एकदाचं रक्त दिलं, तोही रिॲक्टिव्ह निघाला, त्यालाही इंजेक्शनं झाली. पुरुष आमच्यापेक्षा जास्त ओरडतात, एवढंच सांगते. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही मी सांगते, सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, गुप्तरोगाचं औषध तिथे फुकट मिळतं, मेडिकलमधून मनाने ट्यूब घेऊन लावत बसू नका. यायची लाज वाटत असेल तर 1097 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

कंडोमच्या बाहेर जखम असेल, जांघेत वगैरे, तर कंडोम लावूनही गरमी लागते. अशा वेळी माणूस परत पाठवायचा. खोबरेल तेल लावायचं नाही, रबर फाटतं. संस्थेकडे जेली मिळते, ती मागा. पोलिसांच्या भीतीने पर्समध्ये कंडोम न ठेवणाऱ्या पोरी अजून आहेत. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही.

मी आता नव्या पोरींना घेऊन जाते. खिडकीतला पोरगा मला बघितलं की म्हणतो, ‘आल्या टायटरवाल्या.’ म्हणू दे, आकडा तर देतो ना. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. आणि रक्त द्यायच्या आधीच, चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात असतानाच, त्यावर ‘टायटरसह’ लिहून घ्या. नंतर कोणी लिहीत नाही.